फटाक्यातून हत्ती काय शिकतो?

एटापल्लीहून आलापल्लीला यायचं, तिथून सिरोंचाच्या रस्त्याला लागायचं आणि रेपनपल्लीहून आत वळायचं, की कमलापूर येतं. राज्यातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प इथे आहे. बसंती, मंगला, रूपा, राणी, अजित ही इथल्या हत्तींची नावं. आलापल्लीच्या जंगलातले सागाचे लठ्ठे ओढायला एके काळी हत्ती लागत. पुढे यंत्रं आली, लठ्ठे ओढणं थांबलं, हत्ती मात्र राहिले. 2022मध्ये त्यांना गुजरातला हलवायचं घाटत होतं, तेव्हा कमलापूरच्या लोकांनी असा विरोध केला की हत्ती इथेच राहिले.

रात्री हे हत्ती जंगलात चरायला सोडलेले असतात. सकाळी माहूत आणि चाराकटर मातीतले ठसे आणि साखळी घासत गेल्याची रेघ बघत त्यांच्या मागावर निघतात. बांबूच्या बेटात कुठेतरी हत्ती सापडतो. माहूत जवळ जातो, एक शब्द बोलतो, आणि तीन टनांचं ते जनावर पाय दुमडून खाली बसतं.

इथे जरा थांबू या. बोलणाऱ्या माणसाचं वजन साठ किलो. हत्तीनं नुसती सोंड झटकली तरी माणूस दहा हात लांब पडेल. रात्रभर जंगल हत्तीला मोकळं होतं. मग हा बसतो का?

‘माणसाळलेला आहे म्हणून’ असं आपण पटकन म्हणतो. पण ह्या उत्तरात एक मोठी गफलत आहे. कुत्रा माणसाळला, कारण किमान पंधरा हजार वर्षं आपण सौम्य पिल्लं निवडत, त्यांची वीण वाढवत आलो. बैल, शेळी, कोंबडी यांचंही तेच. हत्तीच्या बाबतीत हे कधी घडलंच नाही. भारतात हजारो वर्षं हत्ती पाळले गेले, पण बहुतेक सगळे जंगलातून धरून आणलेले, किंवा कॅम्पमधल्या मादीला जंगली नरापासून झालेले. म्हणजे रक्तानं, वंशानं कमलापूरची बसंती आणि ओडिशाच्या डोंगरातली एखादी रानटी हत्तीण यांच्यात काही फरक नाही. जो फरक आहे तो सगळा एका आयुष्यात, एका डोक्यात घडलेला आहे. शिकून!

शिकतो तरी कसा? माहूत हत्तीच्या मानेवर बसतो, तेव्हा त्याची पावलं हत्तीच्या कानांमागे असतात. तो अंगठ्यानं दाब देतो. हत्तीला ते नकोसं होतं. तो डोकं हलवतो, थोडा मागे सरकतो, काही होत नाही. मग कधीतरी एक पाऊल पुढे टाकतो, आणि त्याच क्षणी दाब निघून जातो. पुन्हा दाब, पुन्हा थोडी धडपड, पुन्हा एक पाऊल, पुन्हा सुटका. काही दिवसांत मधली धडपड गळून पडते. दाब आला की पाऊल पुढे. लक्षात घ्या, शिकवण दाबात नाही, दाब निघण्यात आहे. चांगल्या माहुताचं सगळं कसब ह्या एका गोष्टीत असतं: पाऊल उचललं जाताच अंगठा सैल करणं. दोन सेकंद उशीर झाला, तर हत्ती वेगळंच काहीतरी शिकतो.

आता ह्यात शब्द येतो. माहूत दाब देण्याच्या किंचित आधी हुकूम देतो. शब्द, मग दाब, मग पाऊल, मग सुटका. हे इतक्या वेळा होतं की एक दिवस दाबाची गरज उरत नाही. शब्द कानावर पडतो आणि पाय हलतो. वर गुळाचा खडा मिळाला तर शिक्षण आणखी पक्कं होतं. जुन्या काळी अनेक ठिकाणी भूक, मार आणि दोरखंड यांच्या जोरावर हे शिक्षण होई, आणि ते क्रूर होतं यात शंका नाही. शिवाय ते वाईट शिक्षणही होतं. मार खाल्लेला हत्ती हुकूम तर शिकतोच, पण त्याबरोबर मारणारा माणूस, त्याचा वास, त्याचा आवाज हेही शिकतो. वर्षानुवर्षं विसरत नाही.

ह्या शिक्षणाची हद्द कुठवर जाते ते बघायचं तर हिवाळ्यात कमलापूरला जावं. तिथे हत्तींचं चोपिंग होतं. जंगली जडीबुटींचा गरम लेप हत्तीच्या तळपायांना लावून पाय शेकतात, म्हणजे भेगा भरतात आणि तळवे घट्ट राहतात. हत्तीचा तळपाय फार नाजूक असतो. त्यातून त्याला जमिनीची सूक्ष्म कंपनंसुद्धा कळतात. अशा पायाला माणसं गरम लेप लावतात आणि हत्ती पाय पुढे करून उभा राहतो. ‘हे तुझ्या भल्यासाठी आहे’ हे त्याला कुणी कसं सांगणार? सांगत नाहीत. आधी नुसता हात, मग ओलं फडकं, मग कोमट, मग गरम, आणि प्रत्येक पायरीला वाईट काहीच घडलं नाही हा अनुभव. भीती विरघळवण्याचा हा मार्ग माहुतांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. मानसशास्त्रज्ञ फोबियाच्या रुग्णांसाठी तो वापरू लागले विसाव्या शतकात.

शब्दाचा आणि दाबाचा जो संबंध हत्तीच्या डोक्यात जुळतो, त्याचा शोध लागला तोही आडवाटेनं. रशियातले इव्हान पावलोव्ह हे पचनाचे अभ्यासक. 1904चं नोबेल त्यांना पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं. कुत्र्यांच्या तोंडात अन्न पडलं की लाळ किती सुटते हे मोजताना त्यांना दिसलं, की कुत्री अन्न यायच्या आधीच लाळ गाळतात. अन्न आणणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज आला तरी पुरे! दुसरा कुणी वैतागला असता, कारण मोजमापाची वाट लागत होती. पावलोव्हनी उरलेलं आयुष्य त्या ‘वाट लागण्या’चा अभ्यास केला. आपल्याकडे मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

पण एवढ्यानं समजलं असं मानू नका. बरीच वर्षं लोकांना वाटत होतं, की दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ घडल्या की मेंदू त्यांची गाठ मारतो, बस. 1960च्या दशकात लिऑन कॅमिन यांनी उंदरांवर एक साधा प्रयोग केला. आधी उंदीर शिकले की विशिष्ट आवाज झाला की झटका बसतो. मग आवाजासोबत दिवाही लावू लागले. आवाज, दिवा, झटका. कितीतरी वेळा. नंतर नुसता दिवा लावला तर उंदीर घाबरायला हवेत ना? ते जवळपास घाबरलेच नाहीत. दिव्याबद्दल ते काही शिकलेच नव्हते! का? कारण झटक्याची खबर आवाजानं आधीच दिलेली होती. दिव्यात नवी बातमी नव्हती.

म्हणजे मेंदू घटना मोजत बसत नाही. तो अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला तरच शिकतो. 1990च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे संकेत टिपले, तेव्हा हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. अचानक फळाचा रस मिळाला की पेशी उसळायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की त्या दिव्याला उसळायच्या आणि रस आला तरी शांत राहायच्या. आणि दिवा लागून रस आलाच नाही तर? ज्या क्षणी तो यायला हवा होता, नेमक्या त्या क्षणी पेशी मंदावायच्या. अपेक्षाभंगाची वेळ पेशींना ठाऊक होती! कवटीच्या आत सतत एक हिशेब चालू असतो: काय होईल असं वाटलं आणि काय झालं.

हा हिशेब मनात ठेवा आणि आता कमलापूरहून उत्तरेकडे चला.

ऑक्टोबर 2021मध्ये छत्तीसगडमधून वीसेक रानटी हत्तींचा कळप धानोरा तालुक्यातून गडचिरोलीत शिरला. मूळचे ते ओडिशाकडचे. इथल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीतही रानटी कळप नव्हता. पुढच्या काळात हे हत्ती कुरखेडा, कोरची, आरमोरी, देसाईगंज, शेजारचं अर्जुनी मोरगाव असे फिरत राहिले. एप्रिल 2024मध्ये एक टस्कर कळपापासून वेगळा होऊन पार दक्षिणेला गेला, तेलंगणात शिरला. तिथे दोन शेतकऱ्यांचा जीव गेला. परत येऊन तो एटापल्लीच्या शेजारच्या भामरागड तालुक्यात आला, तिथेही माणसं दगावली. नव्या मुलखात हत्ती आणि माणूस एकमेकांना शिकत होते, आणि ह्या शिक्षणाची किंमत माणसांनी जिवानं मोजली.

गावात हत्ती आला की माणसं काय करतात? डबे वाजवतात, टेंभे पेटवतात, फटाके फोडतात. पहिल्या रात्री हत्ती पळतात. लोकांना वाटतं, जमलं. दहाव्या रात्री एखादा हत्ती कान फडफडवतो आणि खात राहतो. काय झालं?

जे झालं ते शिकण्याचं सगळ्यात जुनं, सगळ्यात साधं रूप. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यानं जातात, त्या रस्त्याकडेच्या घरात पाहुणे म्हणून झोपायला जा. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागणार नाही, आणि घरची मंडळी शांत घोरत असतील. त्यांचे कान चांगले आहेत. मेंदूनं फक्त ठरवून टाकलंय की ह्या आवाजामागे काही येत नाही. ताडोब्यात जिप्सी शेजारी थांबली तरी वाघीण मान वळवत नाही, तेही ह्याच कारणानं. तिनं लहानपणापासून शेकडो जिप्सी पाहिल्या आणि त्यांच्यातून कधी काही निघालं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

हे शिक्षण इतकं मूलभूत आहे की त्याला मोठा मेंदूही लागत नाही. एरिक कॅन्डेल यांनी समुद्रससा नावाच्या एका गोगलगाईसारख्या प्राण्यावर काम केलं. त्याच्यात मज्जापेशी असतात जेमतेम 20 हजार. त्याच्या नळीला हलकेच स्पर्श केला की तो कल्ले आत ओढून घेतो. पुन्हा पुन्हा स्पर्श केला की ओढणं कमी कमी होत जातं. त्याला ‘कळतं’ की हे निरुपद्रवी आहे. आणि मग कॅन्डेल यांनी शेपटीला एक झटका दिला. लगेच तोच हलका स्पर्श प्राण्याला भयंकर वाटू लागला, कल्ले आधीपेक्षा जोरात आत गेले. कुठल्या पेशीतून कुठल्या पेशीत किती रसायन झिरपलं की सवय होते आणि किती झिरपलं की धसका बसतो, हे कॅन्डेल यांनी दाखवून दिलं. त्यांना 2000 सालचं नोबेल मिळालं. स्मृती हाताला लागेल अशी वस्तू आहे, हे माणसाला पहिल्यांदा दिसलं ते एका गोगलगाईत!

आता आफ्रिकी हत्तीच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या गेल्या आहेत: सुमारे 25,700 कोटी. माणसाच्या तिप्पट. त्यातल्या बहुतेक लहान मेंदूत आहेत, बहुधा सोंडेच्या बारीक हालचालींच्या कामी. पण सवय आणि धसका ही जोडी तिथेही तीच आहे. म्हणून एकच फटाका दोन हत्तींना दोन उलट गोष्टी शिकवू शकतो. लांबून नुसता आवाज ऐकणारा हत्ती शिकतो की ह्यात दम नाही. अंगावर ठिणगी पडलेला, भाजलेला हत्ती शिकतो की माणसाचा वास म्हणजे वेदना. पहिला पिकातून हलत नाही. दुसरा माणूस दिसताच धावून येतो. गावाला नको असलेली दोन्ही फळं एकाच फटाक्यातून!

आणि पिकाचं काय? इथे गोष्ट आणखी रंगते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898मध्ये मांजरांना पेटीत कोंडून दाखवलं, की सुटकेचा खटका योगायोगानं दाबला गेला की पुढच्या वेळी तो लवकर दाबला जातो. ज्या कृतीचं फळ गोड, ती कृती टिकते. तुम्ही म्हणाल, ह्यात काय विशेष, हे तर शेंबडं पोरही सांगेल. विशेष पुढे आहे. बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दर वेळी दाणा मिळणाऱ्या प्राण्याला दाणा बंद केला तर तो लवकर नाद सोडतो. पण कधी दाणा मिळतो, कधी नाही, केव्हा मिळेल सांगता येत नाही, अशा प्राण्याला दाणा पूर्ण बंद केला तरी तो खटका दाबतच राहतो. गळ टाकून बसलेला माणूस दिवसभर नदीवरून का उठत नाही? मासा दर वेळी लागत नाही म्हणूनच!

धानाच्या बांधीतला हत्ती नेमका ह्या अवस्थेत असतो. सोमवारी पोटभर धान मिळालं, मंगळवारी हाकलला गेला, बुधवारी शेजारच्या गावात पुंजणं सापडलं, गुरुवारी पुन्हा टेंभे. आपल्याला वाटतं की अर्ध्या वेळा हाकलल्यानं सवय अर्धी मोडली. घडतं ते उलट. अर्ध्या वेळा यश मिळालेली सवय सगळ्यात चिवट असते. अर्धवट राखण ही राखणच न करण्यापेक्षा काही बाबतींत वाईट, हे ऐकायला कडू आहे. ज्या शेतकऱ्यानं थंडीत रात्र रात्र मचाणावर काढलीय त्याला तर फारच. पण ते खरं आहे, आणि म्हणून एकेका शेतकऱ्यानं एकट्यानं लढायची ही गोष्टच नाही.

त्यातून हत्तीचं नाक. आफ्रिकी हत्तीत वास ओळखणारी जनुकं सुमारे 2000 आहेत. माणसाच्या पाचपट, कुत्र्याच्या दुपटीहून जास्त. 2019मध्ये जोशुआ प्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी थायलंडच्या हत्तींपुढे दोन झाकलेल्या बादल्या ठेवल्या, दोन्हींत सूर्यफुलाच्या बिया, एकीत कमी, एकीत जास्त. झाकणाच्या भोकांतून फक्त वास येईल. हत्तींनी हुंगून जास्त बियांची बादली निवडली. नाकानं मोजलं! अशा नाकापुढे कुडाच्या घरातलं मोहाचं पोतं लपणार कसं? मार्च-एप्रिलमध्ये एटापल्लीकडे घरोघरी मोहफुलं वाळत असतात, अंगण त्या वासानं भरून जातं. ओडिशा आणि छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात हत्तींनी मोह आणि तांदळासाठी घरांच्या भिंती पाडल्याची उदाहरणं खूप आहेत. त्या वासामागे काय असतं, हे ज्या हत्तीनं एकदा भिंत पाडून अनुभवलं, त्याला दुसरा धडा लागत नाही.

एकदा म्हणजे खरंच एकदा? हो. शिकणं नेहमी सरावानंच होतं असं नाही. जॉन गार्सिया यांनी 1966मध्ये उंदरांना गोड चवीचं पाणी दिलं. ते पिताना प्रकाश चमके आणि खटखट आवाज होई. काही उंदरांना नंतर मळमळ होईल असं केलं, काहींना झटका दिला. मळमळ झालेल्यांनी गोड चव टाळली, प्रकाश आणि आवाजाचं त्यांना काहीच वाटलं नाही. झटका बसलेल्यांनी प्रकाश आणि आवाज टाळला, चव नाही. शिवाय अशा दुसऱ्या प्रयोगांत मळमळ काही तासांनी झाली, तरी एका अनुभवात उंदरानं बरोबर चवीलाच दोष दिला. म्हणजे मेंदू कोरी पाटी घेऊन जन्मत नाही. पोट बिघडलं तर खाण्यावर संशय घ्यायचा आणि कातडीला चटका बसला तर दिसण्या-ऐकण्यावर, ही वाटणी उत्क्रांतीनं आधीच करून ठेवली आहे. हत्तींना दूर ठेवायला आफ्रिकेत मधमाशांच्या पोळ्यांची कुंपणं करतात आणि भारतातही मधाच्या पेट्यांचे प्रयोग झाले, त्यामागे हीच कल्पना आहे. माशी सोंडेच्या आत, डोळ्याजवळ डसते. गुणगुण आणि ती वेदना यांची गाठ हत्तीच्या मेंदूत घट्ट बसते. पोकळ फटाक्याची बसत नाही.

आणि नुसत्या धमकीला हत्ती उत्तर शोधतो. विजेच्या तारेचा झटका सोंडेला बसतो, पायाला बसतो, पण सुळ्यातून वीज जात नाही, हे हत्तींनी शोधून काढलं आहे. सुळ्यानं तार तोडतात. काही जण झाड ढकलून तारेवर पाडतात आणि वरून चालत जातात. थायलंडमध्ये 2011च्या एका प्रयोगात दोन हत्तींनी दोराची दोन टोकं एकाच वेळी ओढली तरच खाऊ पुढे येई. जोडीदार येईपर्यंत थांबायला ते शिकले. एका तरुण हत्तिणीनं त्याहून सोपी युक्ती काढली: आपल्या टोकावर पाय देऊन उभी राहिली, ओढायचं काम जोडीदारानं केलं, खाऊ दोघांना मिळाला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आतापर्यंत आपण एकेका हत्तीचं डोकं पाहिलं. पण कळपात पिल्लं असतात, आणि खरं आश्चर्य तिथे आहे. हत्तीचं पिल्लू सुमारे 22 महिने आईच्या पोटात वाढून बाहेर येतं, आणि तरी त्याला स्वतःची सोंड वापरता येत नाही! ती लोंबते, तिच्यावर पाय पडतो, तोंडात घालून चोखतं. सोंडेनं पाणी पिणं शिकायला महिने जातात. काय खायचं तेही त्याला माहीत नसतं. म्हणून ते सोंड थेट आईच्या तोंडात घालतं आणि ती काय चावतेय ते काढून चाखतं. आईच्या तोंडात बांबू असेल तर बांबू हे अन्न. धानाची लोंबी असेल तर?

टांझानियातल्या तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात 1993मध्ये भीषण दुष्काळ पडला. काही कळप उद्यान सोडून दूर निघून गेले, त्यांची पिल्लं जास्त जगली. जे तिथेच थांबले त्यांनी जास्त पिल्लं गमावली. निघून गेलेल्या कळपांत म्हाताऱ्या हत्तिणी होत्या. इतक्या म्हाताऱ्या, की 1958 ते 1961चा दुष्काळ त्यांनी स्वतः पाहिलेला असावा. थांबलेल्या कळपातल्या वयस्क माद्या शिकाऱ्यांनी आधीच मारल्या होत्या. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा एक अनुभव एका डोक्यात राहिला आणि बहुधा त्यानंच पिल्लं जगवली.

केनियातल्या अंबोसेलीचे हत्ती तर माणसामाणसांत फरक करतात. तिथले मसाई कधी कधी भाल्यानं हत्ती मारतात, शेती करणारे कांबा लोक क्वचितच. मसाईंनी घातलेल्या कपड्याचा नुसता वास आला तरी हत्ती कितीतरी दूर पळाले, कांबांच्या कपड्यानं तेवढे नाहीत. 2014मध्ये संशोधकांनी आवाज ऐकवले. मसाई पुरुषाच्या आवाजाला कळप एकत्र येऊन मागे सरला. मसाई बाईच्या किंवा मुलाच्या आवाजाला तेवढा घाबरला नाही. जमात, लिंग, वय, तिन्ही ओळखलं, आणि तेही केवळ आवाजावरून! ह्यातल्या बहुतेक हत्तींनी भाला स्वतः खाल्ला नसेल. त्यांनी आईला बिचकताना पाहिलं असेल.

म्हणजे गडचिरोलीत फिरणारा कळप आत्ता काय करतोय ते लक्षात येतंय? तो आपला अभ्यास करतोय. इथली माणसं कशी असतात, कोणत्या वासामागे धान असतं, टेंभा किती जवळ येतो, कोणत्या गावात दगड बसतात आणि कोणतं गाव वाट मोकळी ठेवतं, हे सगळं कळपातल्या मोठ्या माद्या शिकतायत आणि पिल्लं त्यांच्याकडून. हत्ती साठ वर्षांपर्यंत जगतो. आज जो धडा गिरवला जाईल तो 2080 सालीही कुणाच्या तरी लक्षात असेल.

‘चुकीचा धडा पुसता येणार नाही का?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पावलोव्हना ह्याचंही उत्तर मिळालं होतं. अन्न देणं बंद केलं की कुत्र्याची लाळ हळूहळू थांबते. सगळं पुसलं गेलं असं वाटतं. कुत्र्याला काही काळ विश्रांती द्या आणि पुन्हा तोच इशारा करा, लाळ परत येते. जुना धडा पुसला जात नाही, त्याच्यावर नवा धडा लिहिला जातो, आणि खालची अक्षरं शाबूत राहतात. म्हणूनच पहिला धडा बरोबर जाणं ह्याला इतकं मोल आहे.

गडचिरोलीतल्या कळपासाठी वनविभागानं पश्चिम बंगालमधून हुल्ला पथकं बोलावली, ती हत्तींना वळवण्यात अनुभवी. मोजकी माणसं, ठरलेली दिशा, जायला मोकळी वाट. हत्ती योग्य बाजूला वळला की पाठलाग थांबतो. वर माहुताच्या अंगठ्याचं सांगितलं ते आठवा. इथेही शिकवण दाब निघण्यातच आहे. चारी बाजूंनी पाचशे माणसं, मोबाइलचे दिवे, दगड आणि फटाके असले तर हत्ती कुठेही वळला तरी दाब निघत नाही. मग तो एकच गोष्ट शिकतो, गर्दी फोडून जायचं. माझं स्पष्ट मत आहे, की बघ्यांची गर्दी रोखणं हे हत्ती रोखण्यापेक्षा आधीचं काम आहे. आणि नुकसानभरपाई वेळेत हातात पडणं हेसुद्धा हत्तींच्या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे, कारण पीक गेल्याच्या संतापात उचललेला दगड कळप कधीच विसरणार नाही.

तेव्हा एटापल्ली, भामरागड, धानोरा, कुठेही असा. हत्ती आल्याचा मेसेज मोबाइलवर आला, तर मोटरसायकल काढून बघायला जाऊ नका. दगड मारू नका, फटाका फेकू नका. मोहफुलं आणि तांदूळ झोपायच्या घरात ठेवू नका. गावानं मिळून एक पक्कं कोठार वेगळं बांधता येत असेल तर बांधा. पोरांना आत घ्या, वाट मोकळी ठेवा आणि वनविभागाच्या माणसांना त्यांचं काम करू द्या.